शेजारच्या सीटवरचा ब्रेक

"आवाज किती आले?" वकीलबाईंनी पुन्हा विचारलं.

"तीन," धाकटी सून म्हणाली. "नाहीतर चार. पण रेलिंगच्या आधी."

"रेलिंगला गाडी एकदाच लागली. पंचनाम्यात तसंच आहे."

"तो वेगळा आवाज. तो मोठा होता. त्याच्या आधी बारके आले. थाड, थाड, असे."

भिंतीशी बसलेल्या थोरल्या दिरानं खुर्ची कुरकुरवली. "घाबरलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं, वकीलबाई. पहिल्या दिवशी आपल्याकडच्या निम्म्या शिकाऊ मंडळींना इंजिन बोलतंय असं वाटतं. तुम्हाला नव्हतं वाटत?"

वकीलबाई या घराच्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकल्या होत्या आणि दोनदा नापास होऊन मग पास झाल्या होत्या.  चष्मा कपाळावर चढवून त्या पुन्हा कागदांत शिरल्या.

रविवारची दुपार होती. सगळं घर खालच्या वर्गात जमलं होतं, म्हणजे जिथं रोज शिकाऊ माणसांना रस्त्याच्या खुणा शिकवतात त्या खोलीत. भिंतीवर तांबड्या-निळ्या चिन्हांचे तक्ते, टेबलावर इंजिनाचं उघडं मॉडेल, बाकांवर सासूबाई नि नणंद, आणि भिंतीशी खुर्चीवर थोरले दीर. सगळ्यात मागच्या बाकावर धाकटीचा नवरा. आज त्यालाच परीक्षेला बसवलंय असं वाटत होतं. एका अर्थी ते खरंही होतं. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल खालच्या कोर्टानं त्याला दोषी ठरवलं होतं आणि त्यावरच्या अपिलाची सुनावणी उद्या सकाळी होती. अपील फेटाळलं गेलं तर कैद तर होतीच, पण त्याहून वाईट म्हणजे शिकवण्याचा परवाना कायमचा जाणार होता. ज्याला दुसरं काहीही येत नाही आणि यावंसंही वाटत नाही, अशा माणसाचं त्यानंतर काय करायचं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. निकाल लागल्यापासून तो स्टिअरिंगला हात लावत नव्हता. दिवसभर शाळेच्या गाड्या धूत बसायचा. इतक्या धुवायचा की नंबरप्लेटवरचे आकडे पुसट व्हायला लागले होते.

अपील दाखल केलं तेव्हा मुद्दा श्वास तपासण्याच्या यंत्राचा होता. ते यंत्र वेळेवर तपासलेलं नव्हतं, असा काहीसा. मग मागच्या आठवड्यात स्वयंपाकघरात भांडी आवरता आवरता धाकटी सासूबाईंना म्हणाली, "आई, त्या दिवशी गाडी मी चालवत होते." आणि सगळंच उलटंपालटं झालं.

आधी कुणी विश्वासच ठेवला नाही. धाकटी आणि गाडी! ती या घरात आली त्या वर्षी सासऱ्यांनी, म्हणजे मास्तरांनी, तिला स्वतः शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिनं गाडी अंगणाच्या फाटकात घातली. फाटक नवं बसलं, पण तेव्हापासून तिचं नावच 'फाटक' पडलं. नणंद तर अजूनही लाडात आली की "काय गं फाटक" अशीच हाक मारायची. अख्ख्या गावाला गाडी शिकवणाऱ्या घरात लायसन नसलेली ती एकटीच होती, आणि तिला हौस नाही असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. नवरा तिला पहाटे रिकाम्या मैदानावर नेऊन शिकवत होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं. पास झाल्यावर सगळ्यांना चकित करायचं, असा दोघांचा बेत होता. सगळे चकित झाले ते वेगळ्याच तऱ्हेनं.

"एकदा सगळं नीट लावते मी," वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्या एका शिकाऊ बाई साठीनंतर टेस्ट पास झाल्या, त्यांनी पार्टी दिली. तिथं हे प्यायले. मग यांच्या लक्षात आलं की आपण चालवायला नको. म्हणून गाडी बायकोच्या हातात दिली. तिच्याकडे शिकाऊ लायसन होतं. हे शेजारच्या सीटवर बसले. चौकात सायकलवाला आडवा आला, गाडी वळली, वाहतूक बेटाच्या रेलिंगवर गेली आणि थांबली. पोलीस आले. त्यांनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं? आणि हे म्हणाले…"

"मी," मागच्या बाकावरून नवरा म्हणाला.

"का पण?"

या प्रश्नावर घरातल्या प्रत्येकानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर फळ्याशी खडूचा डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि आतले तुकडे रंगांप्रमाणे निवडत होते. 

हा या घराचा नियम होता. गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शिकवणाऱ्याच्या, आणि दोन्ही एका केबलनं जोडलेले. काही झालं तर दोष शेजारच्या सीटवरच्याचा. शिकणाऱ्याचा कधीच नाही. मास्तरांनी दोन्ही मुलांना हे बोलता यायला लागल्यापासून घोकून घेतलं होतं. एकदा एका शिकाऊ पोरीनं दुधाची गाडी उलटवली तेव्हा मास्तर रस्त्यावर दुधात उभं राहून "मी केलं, मी केलं" म्हणत होते, ही गोष्ट घरात अजून सांगितली जायची. त्यामुळे पोलिसानं विचारलं तेव्हा नवऱ्यानं विचार केलाच नसणार. त्यानं धाकटीला पदपथावर बसवलं, किल्ली खिशात घातली आणि 'मी' म्हणून टाकलं.  पुढे त्यानं सांगितलं, गप्प बस, म्हणून ती गप्प बसली. वर्षभर बसली.

"आता असं आहे," वकीलबाई म्हणाल्या, "सूनबाईंची साक्ष जादा पुरावा म्हणून घ्या, असा अर्ज मी उद्या देणार. गाडी यांनी चालवली, यांच्या नवऱ्यानं नाही. पण समोरचा वकील काही झोपलेला नाही. तो विचारणार, शेजारच्या सीटला ब्रेक होता ना? मग त्यांनी तो दाबला का? दाबला असेल तर गाडी त्यांच्याही ताब्यात होती, आणि ते प्यायलेले होते. म्हणजे आपण परत तिथंच. दाबला नसेल तर मला लढता येईल. म्हणून विचारतेय. त्यांनी ब्रेक दाबला का?"

"नाही दाबला," सासूबाई लगेच म्हणाल्या.

"आई, तू होतीस का गाडीत?" नणंद म्हणाली.

"मी नव्हते, पण ही होती ना. ती सांगेल. सांग गं, नाही दाबला म्हणून. एवढं तर सांगायचंय."

"आणि खोटं निघालं तर?" थोरला म्हणाला. "मी पहिल्यापासून सांगतोय, साक्ष नको नि काही नको. यंत्राचा मुद्दा आहे तोच लढवा. हिला तिथं उभी केलीत तर ती आवाजांच्या गोष्टी सांगेल. अजून शोभा होईल."

"तुला काय, तू सडाफटिंग," सासूबाई उसळल्या. थोरल्यानं लग्न केलं नव्हतं. जे काही लावायचं ते त्यानं गाड्यांशीच लावलं होतं. दुरुस्तीपासून तपासणीपर्यंत सगळ्या गाड्या तोच बघायचा. "तुझा भाऊ तुरुंगात जायची वेळ आलीय नि तुला शोभेचं पडलंय."

"मला शाळेचं पडलंय, आई."

"मला एक कळत नाही," नणंद धाकटीकडे वळून म्हणाली. "वर्षभर तोंडाला कुलूप लावलंस. तेव्हाच बोलली असतीस तर तुझ्या नवऱ्याला त्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं असतं का?"

 खरं तर धाकटीला त्या संध्याकाळचं काहीच धड आठवत नव्हतं. तिनं ती मनात इतक्या वेळा उलगडली होती की आता तिच्या तीन-चार प्रती झाल्या होत्या, आणि त्यांतली मूळ कुठली ते हरवलं होतं. एका प्रतीत सायकलवाला डावीकडून यायचा, दुसरीत उजवीकडून. एक गोष्ट मात्र सगळ्यांत सारखी होती. रेलिंगच्या पलीकडे दिव्याखाली बाकावर एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. गाडी त्यांच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर थांबली, आणि त्यांनी आधी पान उलटलं आणि मग वर पाहिलं. ते पान उलटल्याचं आठवलं की ती अजूनही तिथंच अडकायची. थांबली नसती तर? या प्रश्नाचं उत्तर नवऱ्यानं तिला त्याच रात्री देऊन टाकलं होतं. "थांबणारच. मी ब्रेक मारला ना." ती त्या वाक्याला धरूनच वर्षभर उभी होती. त्याच्यावर कधी राग आला, त्याच्या पिण्याचा आला, तरी हे आठवायचं आणि राग विरायचा. तो माणूस याच्या पायामुळे जिवंत आहे, आणि मीही.

आता तेच वाक्य खरं असेल तर नवरा दोषी. खोटं असेल तर… तर काय, ते तिला कळत नव्हतं.

"अहो," ती मागच्या बाकाकडे वळली. "तुम्हीच सांगा ना."

"मी दाबला," नवरा म्हणाला. "कितीदा सांगू? मी दाबला म्हणूनच थांबली. मी कोर्टात हेच सांगणार. नसेल सुटायचं तर नाही सुटायचं."

"झालं!" वकीलबाईंनी पेन टाकलं. "मग मला इथं बोलावलंत तरी कशाला?"

सगळे एकदम बोलायला लागले. सासूबाई वकीलबाईंना समजावत होत्या, थोरला आईला, नणंद सगळ्यांना. त्या गलक्यात मास्तरांनी खडूचा डबा बंद केला.

"गाडीत बसा," ते म्हणाले.

"कोण?"

"त्या दिवशी बसले होते ते."

थोरला चटकन उभा राहिला. "आता कशाला, बाबा? त्या गाडीची बॅटरी उतरलीय. आणि सर्व्हिसिंगला टाकायचीय ती."

"सकाळी तूच फिरवून आणलीस तिला," नणंद म्हणाली.

"तेव्हाच उतरली."

मास्तरांनी नुसता हात पुढे केला. थोरल्यानं खिसे चाचपले, एकदा हा, एकदा तो, आणि शेवटी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. धाकटीनं ते पाहिलं. याला आज काय झालंय, असं तिला वाटलं, पण तिच्या स्वतःच्याच डोक्यात एवढा गुंता होता की दुसऱ्याचा सोडवायला जागा नव्हती.

गाडी अंगणात चिंचोळ्या सावलीत उभी होती. धाकटी स्टिअरिंगशी बसली, नवरा शेजारी. मागे वकीलबाई फाइल घेऊन आणि त्यांच्या अंगावर रेलून सासूबाई. नणंद धाकटीच्या बाजूच्या खिडकीत, मास्तर नवऱ्याच्या. थोरला लांब नळाशी जाऊन उभा राहिला आणि नसलेली घाण हातावरून धुवायला लागला. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. बॅटरीबद्दल कुणी काही बोललं नाही.

"हिचा पाय ब्रेकवर असू दे. नुसता ठेवायचा, दाबायचा नाही," मास्तर म्हणाले. "हं. आता तू मार."

नवऱ्यानं पाय उचलला नाही. वर्षभरानं तो या सीटवर बसला होता.  मग त्यानं ओठ दाबून पाय टाकला.

धाकटीच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली गेलं. खालचं जाजम कुणी ओढून घ्यावं तसं. तिनं दचकून पाय मागे घेतला.

"काय झालं?" नणंदेनं विचारलं.

"काही नाही. पुन्हा करा."

पुन्हा तेच झालं. पेडल गुपचूप, मऊपणानं खाली जात होतं आणि वर येत होतं. धाकटी त्याच्याकडे वाकून बघत राहिली. पहाटेच्या मैदानावर हे तिनं कैकदा अनुभवलं होतं. ती चुकली की पायाखालून पेडल निसटायचं आणि ती समजायची की यांनी मारला. तिला ते चांगलं ओळखीचं होतं. आणि म्हणूनच…

"हे असं नव्हतं," ती म्हणाली.

"काय असं नव्हतं?" वकीलबाई पुढे सरसावल्या.

"त्या दिवशी. ते माझ्या पायाखालून गेलं नव्हतं. म्हणजे मला वाटतंय नव्हतं. थांबा, मला नीट आठवू द्या. आणि आवाज कुठंय?"

"कसला आवाज?"

"तेच तर. यांनी दोनदा मारला, आवाज आला नाही. त्या दिवशी इथनंच येत होता." तिनं नवऱ्याच्या पायांकडे बोट दाखवलं. "तुमच्या पायातनं. थाड, थाड."

 मास्तर खिडकीत आणखी वाकले.

"तू किती वेळा मारला होतास त्या दिवशी?" त्यांनी मुलाला विचारलं.

"तीन. चार असेल."

"एवढ्या वेळा का? एकदा दाबायचा नि धरून ठेवायचा. हे मी तुला शिकवलंय."

"हो बाबा, पण तो…" नवरा थांबला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "तो पोकळ लागत होता. खाली जाऊन आपटत होता. मला वाटलं, मला चढलीय. पाय नीट पडत नाहीये माझा. म्हणून परत परत मारला."

मास्तर सरळ झाले. त्यांनी वळून नळाकडे पाहिलं.

"केबल कुठं होती?"

थोरल्यानं नळ बंद केला. हात पुसायला त्याला बराच वेळ लागला.

"दुसऱ्या गाडीला लावली होती," तो म्हणाला. "तिची तुटली होती नि तपासणीला न्यायची होती. नवी यायची होती. हिला त्या दिवशी शिकवणी नव्हती, बाबा. ही बाहेर जायचीच नव्हती! हे दोघं पार्टीला घेऊन गेले. सांगायचं राहिलं."

"राहिलं?" नवऱ्यानं दार उघडलं. "दादा, वर्षभर राहिलं?"

"अरे पण तू काय सांगितलंस? मीच चालवत होतो म्हणालास! पोलिसांनाही तेच, कोर्टातही तेच, घरीही तेच. चालकाच्या बाजूचा ब्रेक ठणठणीत होता, पोलिसांच्या मेकॅनिकनं तसं लिहून दिलंय. मग शेजारच्या ब्रेकचा संबंध येतोच कुठं? मी गाडी सोडवून आणली, केबल परत लावली, विषय संपला. हिनं मागच्या आठवड्यात सांगितलं तेव्हा मला कळलं. तेव्हापासून मला झोप नाही."

 धाकटीला थोरल्याचा राग यायला हवा होता, आणि येतही होता. पण त्याच वेळी तिला त्याची कीवही येत होती, आणि या दोन्हींत ती अशी अडकली की तिला गाडीतून उतरताही येईना.

नवरा दोन पावलं गेला आणि भिंतीला टेकून खाली बसला. "मी रोज रात्री पाय बघायचो माझा," तो म्हणाला. "वाटायचं, एवढी वर्षं शिकवतोय नि ऐन वेळी माझ्या पायानं दगा दिला. उशिरा पडला. मग वाटायचं, पण थांबली ना शेवटी. तेवढ्यावर दिवस काढले मी."

"म्हणजे त्यांचा ब्रेक गाडीला लागतच नव्हता!" वकीलबाईंना एकदम उजाडलं. घाईघाईनं उतरताना त्यांच्या फाइलमधले कागद सांडले. "म्हणजे गाडी त्यांच्या ताब्यात नव्हतीच! अहो, अपील आपण जिंकू शकतो! दोन साक्षी लागतील. सूनबाईंची, आणि तुमची," त्यांनी थोरल्याकडे पाहिलं.

"आणि शाळा?" थोरला म्हणाला. "शेजारचा ब्रेक नसलेली गाडी शाळेनं रस्त्यावर आणली, हे मी कोर्टात सांगू? दुसऱ्या दिवशी टाळं लागेल."

इतका वेळ सासूबाई गाडीतच होत्या. त्या सावकाश उतरल्या, आणि उतरेपर्यंत त्यांची बाजू बदललेली होती. "मग कशाला सांगायचं ते केबलचं?" त्या म्हणाल्या. "यंत्राचा मुद्दा आहेच की. काय गं, तू नको पडूस यात. बायकामाणसानं कोर्टाची पायरी चढायची म्हणजे…"

"आई! मघाशी तर तूच तिला पुढं ढकलत होतीस," नणंद म्हणाली.

"मघाशी एकाच लेकराचं जात होतं! आता दोघांचं जातंय. मी कुणाला धरू नि कुणाला सोडू, तूच सांग!" आणि सासूबाई डोळ्याला पदर लावून रडायला लागल्या.

 नणंद खिडकीला धरून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळवत असल्याचा भाव होता. रस्त्याच्या खुणा शिकवताना कुणी अवघड शंका विचारली की ती अशीच दिसायची.

"एक मिनिट," ती म्हणाली. "हिच्या नवऱ्याचा ब्रेक लागत नव्हता."

"नव्हता," मास्तर म्हणाले.

"पण गाडी थांबली."

"थांबली."

"मग ब्रेक कुणी मारला?"

सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. मग, एकेक करत, सगळे गाडीत अजून बसलेल्या धाकटीकडे बघायला लागले. तिच्या चेहऱ्याकडे नव्हे, पायांकडे. धाकटीनंही खाली पाहिलं. साध्या चपला, डाव्या अंगठ्याजवळ थोडी उसवलेली. हेच पाय. सायकलवाला आला, हे ओरडले, शेजारून थाड थाड झालं, आणि… आणि तिचा उजवा पाय पूर्ण दाबलेला होता. गाडी थांबल्यावरही दाबलेलाच होता. यांनी दार उघडून तिला बाहेर ओढलं तेव्हा पोटरीत गोळा आला होता. तो गोळा तिला आठवला. कुठल्याच प्रतीत तो नव्हता. वर्षभर तिनं त्याचा विचारच केला नव्हता, कारण ब्रेक यांनी मारलाय म्हटल्यावर तिच्या पोटरीला कोण विचारतंय?

"मी," ती म्हणाली.

नवऱ्यानं भिंतीशी बसल्याबसल्या मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर आधी काही गेल्याचं दुःख दिसलं, मग काहीतरी सापडल्याचं. पुढे किती तरी दिवस त्यातलं कुठलं जास्त होतं, हे धाकटीला ठरवता आलं नाही.

"म्हणजे तू थांबवलीस," तो म्हणाला.

"मी थांबवली."

"मी तर तुला रोज सांगायचो, की मी…"

"हो. आणि मला ते खरं वाटायचं."

नणंदेचा हात खिडकीतून आत आला आणि तिच्या खांद्यावर बसला. या वेळी तिनं 'फाटक' म्हटलं नाही. 

संध्याकाळ कशी गेली ते कुणाला नीट सांगता आलं नसतं. वकीलबाई दोन तऱ्हेचे अर्ज तयार करून गेल्या. एकात केबल होती, एकात नव्हती. कुठला द्यायचा ते सकाळी सांगा, म्हणाल्या. सासूबाई एकदा थोरल्याच्या खोलीत जायच्या, एकदा धाकट्याच्या, आणि दोन्हीकडून उलटं काहीतरी ऐकून बाहेर यायच्या. थोरला जेवला नाही. नवरा जेवला, आणि जेवताना म्हणाला, "दादाला अडकवून मला सुटायचं नाही. तू फक्त यंत्राचं काय ते होऊ दे."

"तुम्हाला काय करायचंय ते तुम्ही करा," धाकटी म्हणाली. "मला विचारलं तर मी काय झालं ते सांगणार."

"शाळा बंद झाली तर?"

"झाली तर परत काढू. मला ते माहीत नाही. मला या सगळ्यात काय कळतंय म्हणाल तर एवढंच कळतंय. बाकी सगळा गोंधळ आहे."

ती उष्टी काढायला उठली. तिला स्वतःचीच भीती वाटत होती. या घरात तिनं असं कधी बोललेलं तिला आठवत नव्हतं.

सकाळी सगळे आवरून अंगणात आले आणि एक भलताच प्रश्न उभा राहिला. नवऱ्याचं लायसन जप्त होतं. थोरला खोलीचं दार उघडत नव्हता. नणंदेचा वर्ग भरायची वेळ झाली होती. सासूबाई रिक्षा बोलवा म्हणाल्या.

मास्तर इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले. त्यांनी किल्ली धाकटीच्या हातात दिली.

"बाबा, मी? आज?"

"शिकाऊ लायसन परत काढलंयस ना? मग बस."

"कोर्टासमोर गाडी लावायची जागा चिंचोळी आहे, अहो," सासूबाई म्हणाल्या.

"लावेल ती."

मास्तर शेजारच्या सीटवर, नवरा नि सासूबाई मागे बसले. नवरा या गाडीत मागच्या सीटवर आयुष्यात पहिल्यांदाच बसत होता, पाय कुठं ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. धाकटीनं सीट पुढे घेतली, आरसा हलवला. आरशात तिला खोलीचं दार उघडून बाहेर आलेला थोरला दिसला. दाढी न केलेला, कालचाच शर्ट घातलेला. तो गाडीकडे आला नाही. सरळ फाटकाशी गेला, तिनं मोडलेल्या फाटकाच्या जागी बसवलेल्या त्या फाटकाशी, आणि त्याची दोन्ही दारं त्यानं होतील तेवढी उघडली, पार भिंतीला लागेपर्यंत. मग खिडकीशी येऊन खाली मान घालून म्हणाला, "वकीलबाईंना सांगा, केबलवाला अर्ज. मी मागनं येतोच, अंघोळ करून."

मागे सासूबाईंनी एक हुंदका गिळला.

धाकटीनं इंजिन सुरू केलं. तिचा उजवा पाय ब्रेकवर होता आणि नेहमीच्या सवयीनं ती शेजारच्या पायांकडे बघून घेत होती. मास्तर कुणालाही शिकवत असोत, त्यांचा पाय शेजारच्या ब्रेकच्या वर तरंगत असायचा. अख्ख्या गावानं त्या पायाच्या भरवशावर गाडी शिकली होती.

मास्तरांनी वाकून चपला काढल्या. दोन्ही पाय वर घेतले, सीटवर नीट मांडी घातली आणि हात मांडीत ठेवले.

"बाबा, पाय!" नवरा मागून ओरडला.

"मी नुसता बसलोय," मास्तर म्हणाले. "चल गं. आरशात बघ नि काढ."

धाकटीनं आरशात पाहिलं, क्लच सोडला आणि गाडी फाटकातून बाहेर काढली.